डर्व्हलाने काय सोडलं

फॉलमोर, काउंटी मेयो, आयर्लंड
गुरुवार, १० मार्च २०११

जार्लथ, बाळा,

पत्रास कारण की आपल्या डर्व्हलाला पाकी गॉनने त्याच्या पळणाऱ्या पोरींत घेतलं, शर्यतीसाठी. बारा वर्षांखालच्या मुली, सहाशे मीटर. सांगून टाकलं बाई एकदाचं. तुझी मजेला म्हणत होती, "डीलिया, एकदम नका सांगू त्याला. आधी हवापाण्याचं लिहा, मग कोंबड्यांचं, मग शेवटी हळूच शर्यतीचं." तुझी बायको शहाणी आहे, पण मी चौथीतून शाळा सोडून स्कॉटलंडला बटाटे काढायला गेलेली बाई. मला एक पान लिहायचं म्हणजे एक वाफा खणायचा. दमायच्या आत मुद्द्याचं लिहून घेतलेलं बरं.

तू हा कागद चुरगाळणार हे मला ठाऊक आहे. चुरगाळ. चुलीत घालण्यापेक्षा ते बरं. तू गेलास त्या नाताळात मी पोरीला पळायचे बूट आणले नि तू ते उचलून चुलीत घातलेस. रबराचा वास पडद्यांतून जायला वसंत उजाडला. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. आम्ही सगळ्यांना सांगतो, इथलं बांधकाम बंद पडलं म्हणून जार्लथ ऑस्ट्रेलियात खाणीवर गेला. खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.

तर पाकी. रविवारी चर्चमधल्या मिसाहून बाहेर पडताना मला भिंतीशी गाठलं नि म्हणाला, "डीलिया, तुमची नात खोकत खोकत पळते, पण थांबत नाही. माझ्या बाकीच्या कार्ट्या न खोकता थांबतात." मला इतकं हसू आलं की फादर वळून बघायला लागले. नंतर मी पाकीला म्हटलं, "तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे हे ठाऊक आहे ना तुला?" तो म्हणाला, "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पाय तर चांगले आहेत ना?"

आणि हे मी नि पाकीने परस्पर ठरवलं नाही बरं का. डब्लिनला ज्या ऊनाकडे आम्ही तिला तपासायला नेतो, ती फिजिओ, तिला मजेलाने आधी विचारलं. ऊना म्हणाली, छातीत खळीसारखा घट्ट कफ बसतो तो पाठीवर थापट्या मारून निघतो त्याहून पळून जास्त निघेल. फक्त घामातून हिचं मीठ फार जातं, तेव्हा मिठाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाणी भरपूर. एवढंच.

मंगळवारी पॅनकेक झाले. डर्व्हलाने सहा खाल्ले, तेही जेवणाआधीच्या गोळ्या नीट घेऊन. काल कपाळाला राख लावून आलो नि ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, ज्याने त्याने आवडीचं काही सोडायचं. मी चहातली साखर सोडली, मजेलाने सिगारेट, जी तिने गेल्या वर्षीही सोडली होती. डर्व्हलाने चिप्स सोडल्या. मजेला म्हणाली, "तुला खारट लागतं राणी, चॉकलेट सोड त्यापेक्षा." पोरगी काय म्हणाली ऐक. "जे सोडून काही वाटत नाही ते सोडण्यात काय अर्थ, मम्मी?" मजेलाने मग मिठाच्या गोळ्या वाढवून दिल्या. मला मात्र कानात म्हणाली, "नॅना, मी आणखी एक सोडलंय, पण ते कशासाठी नि काय ते उपवास सुटेपर्यंत सांगायचं नाही." मी विचारलं नाही. आपल्याकडे विचारतच नाहीत ना कुणी. मला पोरीचं फार कौतुक वाटलं.

जेवत जा.

तुझी आई

*

शुक्रवार, १८ मार्च

जार्लथ,

तू फोन केलास. भांडायला का होईना, केलास. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर मोजे जुळवत बसले होते, सगळे जुळवून झाले तरी उठले नाही.

तुझा आवाज बाहेर ऐकू येत नव्हता, मजेलाचाच येत होता. "पळून मरत नाही कुणी, जार्लथ." मग बराच वेळ काही नाही. मग, "मग काय करू, कपाटात ठेवू काचेच्या?" मग पुन्हा काही नाही. मग हळू आवाजात, "काहलचं वेगळं होतं रे." शेवटी तिने विचारलं, "आईशी बोलतोस? इथेच आहेत त्या, मोजे जुळवतायत तासभर." तू म्हणालास म्हणे लाईन खराब आहे.

असेल. इतक्या लांबून यायचं म्हणजे खराब व्हायचीच.

काल सेंट पॅट्रिकचा दिवस. बेलमलेटला मिरवणूक बघायला गेलो. ट्रॅक्टरवर बसवलेला सेंट पॅट्रिक या वर्षी इतका तरुण होता की त्याची दाढी सारखी खाली घसरत होती. त्या दिवशी उपवास मोडलेला चालतो, सगळी पोरं दुकानावर तुटून पडली. पाकीने डर्व्हलापुढे चिप्सचं पाकीट धरलं, "घे गं, आज सुट्टी आहे, पॅट्रिकने देवाला सांगून ठेवलंय." तिने घेतलं नाही. घरी हॅमही नको म्हणाली, खारट लोणीही नको. नुसता उकडलेला बटाटा खाल्ला. मी म्हटलं, तू नन होणार बहुतेक.

एक गंमत सांगते. पाकीचं गाढव तुला आठवत असेल, कुणालाही चावणारं. ते डर्व्हलाच्या प्रेमात पडलंय. रोज सकाळी शाळेच्या वेळेला आपल्या कुंपणाच्या भिंतीवरून मान टाकून उभं. ती जाते, त्याच्या तोंडापुढे मूठ धरते, ते मूठ चाटत बसतं. पाकी म्हणतो, "वीस वर्षं मी त्याला चारतोय, मला एकदाही चाटलं नाही." पोरीच्या हातात काहीतरी आहे जनावरांसाठी. काहलच्याही होतं.

त्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. तुला डर्व्हला पळताना दिसत नाही, बाळा. तुला काहल दिसतो. येत्या ऑक्टोबरात तुझा भाऊ गेल्याला तेवीस वर्षं होतील, नि तू अजून त्याला पाठुंगळी घेऊन वाळूवरून घरी येतोयस.

आई

*

सोमवार, ११ एप्रिल

जार्लथ,

इकडे एप्रिलात असं ऊन मी जन्मात पाहिलं नाही. लोक बाह्या वर करून जळणासाठी दलदलीतलं पीट कापायला गेलेत, नि कापल्या कापल्या वाळतंय म्हणे. पाकीच्या मानेची सालं निघाली. फादर म्हणाले, हे ऊन म्हणजे देवाची कृपा, तर मागून कुणीतरी म्हणालं, मग देवाला सांगा आता पुरे.

शाळेला या शुक्रवारी ईस्टरची सुट्टी लागेल. पोरी रोज संध्याकाळी ओहोटीला वाळूवर पळतात. मी खुर्ची घेऊन जाते. खोटं कशाला सांगू, मला तिथे जो आनंद होतो तो मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. ती पळते, तोंड लालबुंद, थांबून कफ काढते, वाळूत थुंकते एखाद्या कोळ्यासारखी, नि पुन्हा पळते. तिच्या कपाळावर घाम वाळला की मिठाचा पांढरा थर दिसतो. गेल्या आठवड्यात डब्लिनला नळीत फुंकायची तपासणी झाली, आकडा वर चढला. ऊनाने दोनदा फुंकायला लावलं, तिचाच विश्वास बसेना. म्हणाली, "काय करतेस काय तू?" तर ही म्हणाली, "नॅना खुर्ची आणते."

फक्त पायात गोळे येतात तिच्या. मी बदकाची चरबी चोळते. वाढीचं वय आहे, मला वाटतं त्याचं असेल. नि जरा गप्प गप्प असते. परवा विचारत होती, ऑस्ट्रेलियाहून यायला विमानाला किती वेळ लागतो, नि कुणी गुड फ्रायडेला निघालं तर ईस्टरला पोचेल का. मी म्हटलं पोचेल. खरं तर मला माहीत नाही.

आई

*

पवित्र गुरुवार, २१ एप्रिल
काउंटी हॉस्पिटलातून

जार्लथ,

तुला मजेलाने सांगितलंच आहे, पण तिला नीट सांगता आलं नसेल, तिचा आवाज बसलाय. मी होते तिथे, म्हणून मी लिहिते.

मंगळवारी दुपारी फार ऊन होतं. पाकीने सगळ्यांना पाणी पाजलं, डर्व्हलाला जास्त. एक फेरी झाली. दुसरीत ती मध्येच गुडघ्यावर बसली. मला वाटलं खोकला आलाय. मग ओकली. मी खुर्ची टाकून धावले, माझं धावणं ते काय. पोचले तोवर तिचे दोन्ही पाय लाकडासारखे ताठ झाले होते, बोटं वळली होती. पाकी तिला म्हणत होता, "डर्व्हला, मी कोण?" ती त्याच्याकडे बघत होती नि तिला सांगता येत नव्हतं. त्याने तिला उचललं नि गाडीपर्यंत पळाला. पासष्ट वर्षांचा माणूस. ती त्याच्या खांद्यावर होती, तिचा हात खाली लोंबत होता, नि मी मागे होते. मी हे आधी एकदा पाहिलेलं आहे, जार्लथ. तुलाच पाहिलेलं आहे.

आता बरी आहे. हाताला सलाईन लागल्यावर दोन-तीन तासांत मला ओळखलं, नि खुर्ची वाळूतच राहिली का विचारलं. भरतीने नेली. जाऊ दे.

मग काल तुझा फोन आला. तू म्हणालास, पोरीला दे. तिच्या हातात सुई होती म्हणून फोन मी तिच्या कानाला धरला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. चोरून नाही ऐकलं. तू रडत होतास. तू म्हणालास, "डर्व्हला, मला वचन दे. पुन्हा कधी पळणार नाहीस. कधीच नाही." ती म्हणाली, "रडू नको डॅडी. नाही पळणार." तू पुन्हा म्हणवून घेतलंस. ती पुन्हा म्हणाली. नि विचारलं, "डॅडी, तू येतोयस का?" तू म्हणालास, "बघू, राणी."

मी फोन माझ्या कानाला लावला तर तू ठेवलेला होतास.

उद्या तिला डब्लिनला हलवतायत.

आई

*

ईस्टरचा सोमवार, २५ एप्रिल
डब्लिन

जार्लथ,

हे पत्र तू शांत बसून वाच. पाणी पिऊन घे आधी.

इथे प्रत्येक पोराला वेगळी खोली. या आजाराची दोन पोरं एका खोलीत बसूच देत नाहीत, एकाचे जंतू दुसऱ्याच्या छातीला बाधतात. पलीकडच्या खोलीतला एक मुलगा काचेतून डर्व्हलाला वाकुल्या दाखवतो, ही त्याला दाखवते, तीच त्यांची दोस्ती. आणि ऐक, प्रत्येक खोलीत एक सायकल आहे, जागेवर मारायची. डॉक्टरांनी ठेवलेली. तो मुलगा तिच्यावर बसून घामाघूम होतो नि नर्स त्याला शाबासकी देते. मी उभी राहून बघत होते. काहललाही हेच होतं, तेव्हा तुमच्या खोलीत आपण काय ठेवलं होतं, पडदे. डॉक्टर म्हणाले होते ना, दमू देऊ नका, वारा लागू देऊ नका.

शुक्रवारी ऊना आली, सुट्टीच्या दिवशी, घरच्या कपड्यांत. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाली, "मीठच नाहीये हिच्या रक्तात. डर्व्हला, गोळ्या घेत होतीस ना?" ती म्हणाली हो. ऊना तिच्याकडे बघत राहिली नि म्हणाली, "बरं." रागावली नाही. आणखी काही विचारलं नाही.

शनिवारी मजेला कॉफी आणायला गेली होती. रेडिओ लागलेला होता. दुपारी बाराची प्रार्थनेची घंटा वाजली, उपवास सुटायची. ती संपेपर्यंत डर्व्हलाने बोटांवर ठोके मोजले. मग म्हणाली, "नॅना, संपला ना आता उपवास?"

मी म्हटलं, "संपला. चहात दोन चमचे साखर घालणार आहे मी."

"मग आता सांगितलं तर चालेल?"

म्हटलं, "चालेल."

तिने मीठ सोडलं होतं, जार्लथ. चिप्स नव्हे, मीठ. हॅम, लोणी, सगळं. आणि त्या गोळ्या. सकाळी मजेलाच्या समोर तोंडात टाकायची, गालात धरायची नि कुंपणाशी जाऊन पाकीच्या गाढवाला द्यायची. रोज. म्हणून ते प्रेम.

मी विचारलं, "मीठच का गं?"

म्हणाली, "सगळे म्हणतात ना की मला सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे. मग तेच द्यायला पाहिजे."

"आणि मागितलंस काय?"

तिने दाराकडे बघितलं. म्हणाली, "डॅडी ईस्टरला घरी यावा म्हणून." नि मग तिच्या हाताच्या सुईकडे बघून म्हणाली, "पण नॅना, ह्या बाटलीत मीठ आहे ना? नर्स म्हणाली. मी नाही घेतलं, त्यांनी दिलं. त्याने मोडलं का?"

मी म्हटलं, नाही मोडलं. देव काही बाटल्या तपासत बसत नाही.

म्हणाली, "मग उद्यापर्यंत वेळ आहे त्याला."

काल ईस्टर होता. दार किती वेळा वाजलं. नर्स, सफाईवाली, चॉकलेटची अंडी वाटणारी एक बाई. प्रत्येक वेळी ती केस कानामागे सारून सरळ बसायची.

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तुला माहीत नव्हतं. आम्हाला घरात राहून कळलं नाही. ऊना जे म्हणाली ते तेवढं लिहिते, मजेलाकडून दोनदा वदवून घेतलं, माझ्या हातून चूक नको म्हणून. ती म्हणाली, "पळण्याने हे झालेलं नाही. मीठ नसताना उन्हात पळण्याने झालंय. मीठ घ्या, पाणी घ्या, फार उन्हात पळू नका, ताप असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर थांबा नि मला फोन करा. पण हिचं पळणं बंद करू नका. ते बंद केलं तर मी औषधाची एक बाटली काढून घेतल्यासारखं होईल."

मजेला तुला फोन करतेय. तू उचलत नाहीयेस.

आई

*

शुक्रवार, २० मे

जार्लथ,

तीन आठवडे झाले घरी येऊन. गोळ्या आता माझ्यासमोर घेते, तोंड उघडून दाखवते. गाढव बिचारं भिंतीशी उभं राहून वाट बघतं, पाकीने त्याला मिठाचा एक मोठा खडा आणून दिलाय, पण ते त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

पोरगी पळत नाही.

मजेलाने समजावलं. मी समजावलं. ऊनाने फोनवर अर्धा तास समजावलं. ती सगळं ऐकून घेते, शहाण्या मुलीसारखी मान हलवते नि म्हणते, "पण मी डॅडीला वचन दिलंय." पाकी घरी आला, टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, "नुसती चालायला ये. वाळूवर. माझ्या बायकोच्या वेगाने." ती म्हणाली, "पाकी, मी चालायला लागले की पळते."

मग मला एकटीला सांगितलं तिने. पहिलं, मिठाचं, सलाईनच्या बाटलीमुळे मोडलं असं तिला वाटतंय अजून, मी काही म्हटलं तरी. म्हणून आता हे दुसरं नीट पाळायचं. पळणं सोडायचं. तुला दिलेलं वचन, ते तर मिठाहून मोठं. ते पाळलं की तू येणार.

तिच्या आवडीची दोनच होती, बाळा. दोन्ही तुझ्यासाठी देऊन झाली.

मंगळवारी डब्लिनला फुंकली. ऊनाने आकडा मजेलाला बाहेर नेऊन दाखवला. एप्रिलात जेवढा चढला होता तेवढा उतरला, नि आणखी थोडा. परत येताना गाडीत ती झोपली होती, माझ्या मांडीवर डोकं होतं. तिच्या छातीतून तो आवाज येतो आता, केटली उकळायच्या आधी करते तसा. तुला तो आवाज ठाऊक आहे. तुझं नि काहलचं अंथरूण एकच होतं.

तुला मी हे त्या वेळीही सांगितलं होतं, काहलच्या मातीहून परत आल्यावर मागच्या दारात तू बसला होतास तेव्हा. पुन्हा सांगते. त्या उन्हाळ्यात तू त्याला चोरून वाळूवर फुटबॉल खेळायला न्यायचास. मला माहीत होतं, त्याच्या मोज्यांतली वाळू कोण झाडत होतं तुला वाटतं? मी अडवलं नाही, कारण घरी येऊन तो दोन बशा जेवायचा. मग ऑक्टोबरात त्या दिवशी त्याच्या तोंडातून रक्त आलं नि तू त्याला पाठीवर घेऊन आलास. म्हातारे डॉक्टर बायर्न मला म्हणाले, मिसेस, ह्याची फुप्फुसं मागच्या हिवाळ्यातच संपली होती, हा उन्हाळा त्याने कुठून आणला मला कळत नाही.

कुठून आणला ते मला कळत होतं. तू आणलास.

मारलं नाहीस तू त्याला. एक उन्हाळा दिलास.

आता मला तुझ्याकडून मोठं काही नको. येऊ नकोस. नाही जमत तर नको येऊस. एक फोन कर, नि तिला सांग, पळ. एवढा एक शब्द. तू म्हटल्याशिवाय ती पळणार नाही. तुझीच मुलगी आहे, हट्टी.

आई

*

रविवार, १२ जून

जार्लथ,

फोन आला नाही.

काउंटीच्या शर्यती काल झाल्या. तिच्या जागी गॅलाघरांची एक मुलगी पळाली, चौथी आली. डर्व्हला बघायला गेली होती, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना खोकला आला तेव्हा गाडीत येऊन बसली.

आज सकाळी मजेला कामावर होती. वृद्धाश्रमात रविवारी डबल पाळी असते तिला. डर्व्हला मिसाहून आल्यावर कोंबड्यांची अंडी गोळा करत होती. मी दारात उभी राहून तिला म्हटलं, "तुझ्या डॅडीचा फोन आला होता."

ती एकदम सरळ झाली. "कधी?"

"तू मिसाला होतीस तेव्हा."

"म्हणून तू नाही आलीस मिसाला?"

"गुडघा दुखत होता." जार्लथ, रविवारच्या सकाळी मी खोटं बोलत होते नि मिसा चुकवली होती तीही त्याच्यासाठीच. फादरकडे जाऊन सांगीन मी नंतर.

"तुझ्याशी बोलला? तो तुझ्याशी बोलत नाही ना."

"आज बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डर्व्हलाला सांग, ते वचन मी परत घेतलं. तिला मोकळी केली. म्हणाला, तेव्हा मी घाबरलो होतो, तिला म्हणावं पळ. गोळ्या घे नि पळ."

तिने अंडी खाली ठेवली, एकेक. मग विचारलं, "मग तो येणार नाही?"

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. इतकी का मी वेडी, पण वाटलं होतं. तिच्या डोक्यात हिशेब असा की वचन आहे तोवर तू येशील. ते परत घेतलंस म्हणजे तुझं यायचंही गेलं.

माझ्या जिभेवर दुसरं खोटं तयार होतं. नाताळात येतो म्हणाला. एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ती हसली असती, नि मग नाताळपर्यंत काय सोडलं असतं तिने, सांग मला. काय उरलंय तिच्याकडे सोडायला, श्वासाखेरीज.

मी खाली बसले तिच्याजवळ, कोंबड्यांच्या घाणीत, चांगल्या झग्यात. म्हटलं, "नाही येणार, राणी. आत्ता तरी नाही. पण तू मीठ खाल्लंस म्हणून नाही, नि पळालीस म्हणून नाही. तू काय सोडतेस नि काय धरतेस त्याच्याशी त्याच्या येण्याचा काही संबंध नाही. त्याला फार लागलेलं आहे, तू जन्मायच्या आधीपासून. ते तुझ्या हातातलं नाही. तुझ्या हातात असतं तर तो कधीच आला असता."

ती रडली नाही. मला वाटत होतं रडेल, मी एप्रनचा कोपरा हातात धरून बसले होते. तिने माझ्या झग्याला लागलेलं पीस काढलं. मग म्हणाली, "त्याच्या आवाजात सांग ना. पळ कसं म्हणाला ते."

मी सांगितलं. मला येतो तुझा आवाज. मीच तर तुला बोलायला शिकवलं.

मग ती उठली, आत गेली, गोळी घेतली, पेलाभर पाणी पिऊन आली नि रस्त्याला लागली. आधी चालली. मग वळणाच्या अलीकडेच पळायला लागली. फार वाईट पळत होती, सारखी थांबत होती, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खोकत होती, नि इतक्या लांबून तो खोकला मला ऐकू येत होता. पण थांबून परत पळत होती. वळणापलीकडे गेल्यावर दिसेनाशी झाली. मी दारात उभी राहिले. आली परत. लाल झालेली. तोंड धुवायला आत गेली.

तर आता असं आहे. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. फोनचं ते खोटं आहे. ते तू खरं कर, ती विचारेल तेव्हा फक्त हो म्हण, किंवा आजच उचल फोन नि सांग तिला. आणि तू येणार नाहीस हे मी तिला खरं म्हणून सांगितलंय. त्यात मला खोटी पाडलीस तर मला काही वाटणार नाही, बाळा. मागचं दार उघडंच असतं.

तुझी आई
डीलिया